डब्यातला घरजावई

घट बसले की माझ्या अंगात हॅमर सुरू होतो. बाहेर तसं काही वाजत नसतं. मंडळाचे स्पीकर संध्याकाळी लागतात, चाकणकडं जाणारे कंटेनर दिवसभर घरघरत असतात, त्यांचा हा आवाज नव्हे. हा तळपायातून येतो. धप्. थोडा दम. परत धप्. ज्याने फोर्जिंगमध्ये आयुष्य काढलं त्यालाच हे समजेल. लाल झालेलं लोखंड साच्यावर ठेवायचं, पायातलं पॅडल दाबायचं आणि वरून बैलगाडीएवढा घण पाडायचा. लोखंडाला मारून मारून इंजिनातला दांडा करायचा. मारणं हाच आमचा धंदा.

कंपनी कधीच बंद पडली. जिथं हॅमर होते तिथं आता उंच टॉवर आहेत, खाली पोहायचा निळा हौद आहे. मुलीच्या ओळखीच्या एका घरी वास्तुशांतीला गेलो होतो तेव्हा गॅलरीतून बघितलं. लोक पाण्यावर पाठ टेकून तरंगत होते. बरोबर तिथंच माझा जोडीदार दत्तू मेला होता.

यंदा आमच्या घरात घट नाहीत. बायको जाऊन वर्ष व्हायचंय, सण करायचा नसतो. हौसा तिचं नाव. गेल्या दिवाळीनंतर आळंदी रस्त्यावर सिमेंट कालवणाऱ्या गाडीनं तिला चिरडलं. भाजी आणायला गेली होती. मी पोचलो तेव्हा मेथीच्या जुड्या धड होत्या, ती नव्हती. ड्रायव्हरला लोकांनी धरून ठेवलं होतं, त्याचे दात रक्ताने माखले होते, बिचारा कुठल्या मुलखाचा कोण जाणे, हात जोडत होता. मीसुद्धा त्याला मारलं. माझा हात फोर्जिंगचा हात आहे.

तेव्हापासून हा एवढा मोठा पत्र्याच्या छपराचा ओटा आणि मागची खोली आणि मी. घर तिच्या बापाचं. चऱ्होलीतलं जुनं घराणं. मी बीडकडचा, कामाला आलो, हिच्याशी लग्न झालं आणि इथंच राहिलो. केस पांढरे झाले तरी गाव मला 'जावई' म्हणतं. दूधवालासुद्धा. "जावई, अर्धा का एक?"

तर सांगायचं आहे ते मागच्या खोलीतल्या कंप्युटरबद्दल.

मागची खोली आम्ही एका इंजिनियरला भाड्याने दिली होती. एकटा माणूस, पुस्तकं फार. त्याच्याकडे घरी वापरायचा कंप्युटर होता. तेव्हा ती वस्तू इथं कोणी पाहिलेली नव्हती, बाया दारातून वाकून बघायच्या. एक काचेचा टीव्ही, एक पत्र्याचा डबा, बटनांची पाटी, आणि कर्रर्र कर्रर्र करणारा प्रिंटर. त्याची बदली झाली तेव्हा तो म्हणाला, हे मशीन आता जुनं झालं, नवी आलीत, वहिनींना शिकायची आवड आहे, राहू द्या. आवड होतीच. दहावीत गणिताने मारलेली बाई, पण बटनांवर बोटं अशी चालायची जशी शेंगा फोडताना.

अडचण एकच होती. डब्याला इंग्रजी सोडून काही येत नव्हतं आणि हौसाला मराठी सोडून काही येत नव्हतं.

जायच्या आधी इंजिनियरने डबा उघडून दाखवला. आत एक मोठी हिरवी पाटी आडवी पडलेली आणि तिच्यात खाचा. एका खाचेत त्याने वीतभर दुसरी पाटी उभी खुपसली. तिला कार्ड म्हणतात. तो म्हणाला, "वहिनी, खालच्या पाटीवर एक मेंदू आहे. त्याला ए-बी-सी कळते. त्याला काना, मात्रा, वेलांटी, जोडाक्षर झेपत नाही. 'प्र' लिहायला सांगितलं तर घाम फुटतो त्याला. म्हणून या कार्डावर स्वतंत्र मेंदू आहे. तुम्ही बटन दाबायचं, हा अक्षर जुळवणार, टीव्हीवर दाखवणार, प्रिंटरला पाठवणार. जुन्याला कळतसुद्धा नाही की आपल्या घरात मराठी चाललंय."

हौसाने पदर तोंडाला लावला. "म्हंजी घरजावईच की वो ह्यो!"

"कसा काय?"

"दुसऱ्याच्या घरात घुसायचं, कोपरा धरून बसायचं, त्येचीच वीज खायाची." माझ्याकडे बघून म्हणाली, "पर ह्यो काम करतोय. येवढाच काय तो फरक."

इंजिनियर हसून हसून खोकायला लागला. मी म्हटलं, "हस बाबा, तुझं लग्न व्हायचंय अजून." तेव्हापासून कार्डाचं नाव जावईबुवा पडलं. मशीन सुरू करताना ती म्हणायची, "उठा जावईबुवा, उन्हं आली."

मला चौथीपर्यंतची अक्षरं येतात. पण कार्डाची गोष्ट मला लगेच पटली, कारण आमच्या धंद्यात हेच करतात. जुन्या लेथला नवीन अटॅचमेंट बसवलं की तोच लेथ गिअरचे दात कापायला लागतो. जुनं फेकून द्यायचं नसतं. त्याला जे येत नाही ते येणारा एक शेजारी बसवायचा. आता लोक दर दोन दिवाळ्यांनी मोबाईल बदलतात आणि जुना कपाटात मरतो. मला वाटतं, माणसाला आता शेजारी बसवायचा कंटाळा आलाय.

लग्नपत्रिकेचे मसुदे, भजनी मंडळाची पत्रकं, शाळेच्या बाईंचे पेपर, असं तिचं चालायचं. मागच्या खोलीतून कर्रर्र आवाज आला की कोंबड्या अंगणातून पळायच्या. दत्तू रविवारी यायचा, प्रिंटरपाशी उकिडवा बसायचा आणि कागद वर सरकताना बघायचा. "वहिनी, माझं नाव काढा की एकदा." तिने काढलं. ठळक अक्षरांत. त्याने तो कागद घडी करून टोपीत ठेवला आणि पुढं कित्येक दिवस टोपी काढून लोकांना दाखवत होता.

ते नवरात्र असंच तापलेलं होतं. पाऊस संपून अश्विनातलं ऊन पडलं की कारखान्यात भट्टी आत आणि भट्टी बाहेर. तिसऱ्या-चौथ्या माळेची गोष्ट असेल. साचा बदलायला दत्तू हॅमरखाली वाकला होता. साचा बदलताना वरचा घण अडवायला जाड टेकू लावतात. टेकू लावायला, काढायला वेळ जातो, माल कमी निघतो, म्हणून सुपरवायझरने टेकूच स्टोअरला जमा केले होते. घण सुटला. मी शेजारच्या हॅमरवर होतो. धप् असा आवाज आला, पण तो लोखंडावरचा नव्हता. ओला होता. मी वळून बघितलं तर पाय होते, कंबर होती, चप्पलसुद्धा पायात होती. वरचं काही सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी गेटवर इंग्रजीत नोटीस लागली. वाचता येणाऱ्याने वाचून दाखवली. कामगार दारू पिऊन कामावर आला होता, स्वतःच्या चुकीने गेला. दत्तू माळकरी होता. चहासुद्धा फिका प्यायचा. पण चार दिवसांत ती दारू गावभर झाली. त्याची बायको नळावर गेली की बाया बोलायच्या थांबायच्या. तिच्या सासऱ्यानेसुद्धा तिला विचारलं म्हणे, खरं सांग, पीत होता का. भरपाई वगैरे तर लांबच, बाईला तोंड दाखवायची चोरी झाली.

आम्ही काम सोडून गेटवर बसलो. ठरलं की दसऱ्याला सगळ्या कामगारांच्या हातात मराठीत पत्रक द्यायचं. टेकू कोणी काढले, कधी काढले, कोणाच्या सांगण्यावरून काढले. पण पिंपरीतला एकही छापखाना छापेना. एकाने तर आम्हाला बघून शटरच ओढलं. म्हणाला, "भाऊ, माझीपण पोरंबाळं आहेत."

तेव्हा हौसा म्हणाली, "आपला जावई हाय की."

तिने पत्रक बसून टाइप केलं. दत्तूचा 'मृत्यू' लिहिताना तो म-खालचा वाटोळा आकडा बरोबर लागला का बघायला नाक टीव्हीला टेकवलं. म्हणाली, "हितं चूक न्हाई चालायची. ह्यो शबुद तरी नीट पायजे." सगळं फ्लॉपीत, म्हणजे साठवायच्या चकतीत, घालून ठेवलं. छापायचं खंडेनवमीला, म्हणजे दसऱ्याच्या पहाटे वाटता येईल.

खंडेनवमीला आम्ही हत्यारं पुजतो. कंपनीत मोठ्या हॅमरला हळद-कुंकू लावून त्याच्याखाली नारळ फोडतात, नारळाचा भुगा होतो, करवंटीचे कपचे छताला लागतात. त्या वर्षी गेटला कुलूप होतं, म्हणून मी माझा घण, सांडशी, पाने अंगणात मांडले. हौसाने कंप्युटर पुजला. आता कंप्युटर म्हणजे नक्की काय, डबा की टीव्ही? टेबल लहान होतं म्हणून डबा खाली फरशीवर होता, धूळ जाऊ नये म्हणून त्याच्यावर जुनं लुगडं टाकलेलं. हौसाने झेंडूचा लांबलचक हार टीव्हीला घातला. मी म्हटलं, "अगं, मेंदू खाली हाय."

"हार कुटं घालत्यात? तोंडाकडंच ना? आन् खाली पायात कुंकू सांडलं, त्या खाचेत गेलं, तर जावई पेटल की."

दुपारी ते आले. तिघं होते, हातात सळया. पुढे बाळ्या, शेजारच्या वाडीतला, कंपनीच्या ठेकेदाराने पाळलेला. एकाने मला अंगणात सीताफळाच्या झाडाला दाबलं आणि सळई गळ्यावर आडवी धरली. मला श्वास येत नव्हता, पण दारातून आतलं सगळं दिसत होतं. हौसा चुलीवर कडाकण्या तळत होती. बाळ्या ओरडला, "पत्रक कुठंय गं?"

ती म्हणाली, "मुडदा बशिवला तुझा, चपला काढून ये आत."

दुसरा तिच्या अंगावर गेला तशी तिने तेलातला झारा काढून सरळ त्याच्या गालावर ठेवला. चर्रर्र झालं. तो वास मला अजून येतो, कडाकणीचा आणि कातडीचा एकत्र. तो गाल धरून गुरासारखा ओरडत बाहेर पळाला. बाळ्याने तिचे केस धरून तिला भिंतीवर आपटलं. मग खोलीत गेला. समोर हार घातलेला, उदबत्ती लावलेला टीव्ही. हाच कंप्युटर, यात काय शंका? देव ओळखायला काय लागतं, हार दिसला की झालं. त्याने दोन्ही हातांनी सळई मारली. बाँब फुटावा तशी काच फुटली. काचा त्याच्याच दंडात घुसल्या, झेंडूवर रक्त उडालं. तो आणखी मारत राहिला, टीव्हीचं खोकं चपटं होईपर्यंत. लुगड्याखालच्या डब्याला त्याने पायाने बाजूला सरकवलं, आडवा येतो म्हणून.

आणि हौसाने जो काय गळा काढला! कपाळातून रक्त येतंय, छाती बडवतेय, "फोडला रं, माजा कंप्युटर फोडला! आता कशावर लिहू रं मी! मुडद्या, तुजं वाटुळं हुईल!" गल्ली गोळा झाली. बाळ्या खूश. जाताना माझ्या तोंडावर थुंकला. "आता छाप पत्रक, जावई."

ते वळणावर गेले तशी ती रडता रडता मध्येच थांबली. नाक पुसलं.

"गेले का बगा."

"गेले."

"मग दार लावा. आन् पट्टीला हळद लावून बांधा माज्या कपाळावर."

मी म्हटलं, "टीव्ही फुटला, आता तुला दिसणार काय?"

"भाकरीची तव्याकडली बाजू दिसती व्हय मला? तरी करपत न्हाई."

तिने लुगडं काढलं, डबा सुरू केला. आतला पंखा घुरघुरला. काळोखात बोलावं तसं ती बोटांनी त्याच्याशी बोलली. हे बटन, मग ते, मग फ्लॉपीची खरखर ऐकायची, मग पुढचं. प्रिंटरमधली शाईची पट्टी काढून त्यात मेणाचा कागद लावला होता, सुया मेणाला भोकं पाडतात आणि त्या कागदावरून हव्या तेवढ्या प्रती शाईने निघतात. पहिला कागद आला तो नुसत्या इंग्रजी किड्यामुंग्या. मराठीचं बटन दाबायचं राहिलं होतं. तिने तो टराटरा फाडला. "उठा की वो जावईबुवा, आजच बरं झोपायचं सुचतंय." दुसरा कागद आला. उजेडाकडे धरला. भोकाभोकातून ऊन आलं आणि उन्हाची मराठी अक्षरं तिच्या रक्ताळलेल्या चेहऱ्यावर पडली. एक मात्रा चुकली नव्हती.

दसऱ्याला आम्ही प्रत्येकाला पत्रकाच्या घडीत आपट्याचं पान घालून दिलं. "सोनं घ्या, वाचून घ्या." वाड्यावस्त्यांवर, बसथांब्यांवर, कंपनीच्या कॉलनीतसुद्धा. मोठा साहेब आपल्या बायकोबरोबर दारात उभा होता, त्याने हसत हात पुढे केला आणि सोनं घेतलं. नंतर गेटवर दगड चालले, काठ्या चालल्या, माझ्या डोक्याला टाके पडले, एका पोलिसाचा हात मोडला, सगळं झालं. पण तपासणीला सरकारी माणूस आला तेव्हा त्याच्या हातात ते पत्रक होतं, आणि स्टोअरमधले टेकू मोजायला तो स्वतः गेला. दारू पुसली गेली. दत्तूची बायको परत नळावर जाऊन भांडायला लागली.

कार्डाचा उपयोग काय, असं कोणी विचारलं तर मी एवढं सांगेन. बाकी मला कळत नाही.

आता पुढचं. हौसा गेल्यावर मी त्या खोलीत पाय ठेवला नव्हता. मुलगी वाकडला राहते, मंगल. ती म्हणाली, "आबा, आमच्या सोसायटीत समीर म्हणून आहेत, हिंजवडीला असतात, जुने कंप्युटर दुरुस्त करायचा नाद आहे त्यांना. आईचं मशीन दाखवू का?" मी म्हटलं, चालू करून देणार असेल तर दाखव. एकदा तो पंखा घुरघुरताना ऐकायचा होता मला. एवढंच. तिचं जे काही शिल्लक होतं त्यात आवाज करणारी तेवढी एकच वस्तू होती.

या षष्ठीला तो आला. सभ्य माणूस, पाठीला पिशवी. डबा उघडला, बॅटरीचा दिवा मारला आणि आत वाकून बघितलं.

"काका, आतली छोटी बॅटरी फुटलीय. तिचं पाणी सगळीकडे सांडलंय. मदरबोर्ड खाल्लाय पूर्ण. हा गेला."

"म्हणजे?"

"ही खालची मोठी पाटी. तिच्यावरच सगळं बसलेलं असतं. पण गंमत बघा, हे कार्ड वर उभं होतं ना, याला ओरखडासुद्धा नाही. ठणठणीत आहे."

मी विचारलं, "मदर म्हणजे आई ना?"

"हो, पण ते नुसतं नाव आहे."

"आई मेली आणि घरजावई ठणठणीत."

त्याला काय कळणार? तो हसला आणि दोन बोटांनी कार्ड धरून हलवायला लागला. मला काय झालं सांगता येत नाही. मी त्याची कॉलर धरली आणि त्याला भिंतीला नेऊन लावलं. शर्टाची बटणं उडाली. "हात काढ! कोणाला विचारून हात घातला?" तो पांढरा पडला, पण ओरडला नाही. म्हणाला, "काका, चुकलं. सोडा. विचारायला हवं होतं."

सोडला. पाणी दिलं. तो पाणी प्यायला. मग मीच विचारलं, "याचा तुला उपयोग काय? मोबाईलवर शेंबडं पोरगंपण मराठी लिहितंय."

तो म्हणाला, "नवीन लिहायला उपयोग नाही काका. जुनं वाचायला आहे. तेव्हा लोकांनी या कार्डांवर लिहून फ्लॉपीत ठेवलेलं आजच्या मशीनला कळत नाही, नुसती चिन्हं दिसतात. कार्ड असेल तरच अक्षरं जुळतात. माझ्याकडे एका बाईंनी डबाभर फ्लॉप्या दिल्यात. त्यांच्या वडिलांनी बोलीभाषेतले शब्द गोळा केले होते, आयुष्यभर. वडील गेले. कुठेच दुसरी प्रत नाही. त्या दर आठवड्याला फोन करतात. माझ्याकडे त्याच जमान्याचं चालू मशीन आहे. कार्ड नाहीये. दोन वर्षं शोधतोय."

मी म्हटलं, "उद्या फोन करतो."

तो गेला. मी डब्यापाशी बसून राहिलो. मला कार्ड द्यायचं नव्हतं, हे स्पष्ट सांगतो. त्या बाईचा बाप मेला तर माझी बायको मेली. तिला तिचा बाप वाचायचाय, मला माझी बायको निदान खोलीत असू दे. मी स्वतःशी मोठमोठ्याने भांडलो. पण आमच्या शॉपमध्ये चांगला साचा कधी कोणी शोभेला ठेवला नाही. ज्या हॅमरला बसेल त्या हॅमरवर जायचा. साच्याला बसून गंज चढतो आणि गंजलेला साचा माणूस मारतो, हे मी बघितलेलं आहे. आणि हौसा असती तर कॉलर त्याची नाही, माझी धरली असती.

सप्तमीला समीर परत आला. मी म्हटलं, तू हात लावू नको. कार्ड मी माझ्या हाताने उपसलं. खाचेत घट्ट रुतलं होतं, जोर लावला तशी पत्र्याची कड अंगठ्यात शिरली. फडक्यात गुंडाळून दिलं. म्हटलं, "याला सकाळी हाक मारावी लागते. तशी सवय आहे." त्याने मान डोलावली, हसला नाही. जाताना विचारलं, "काका, डबा पण नेऊ का? सुटे भाग होतील." मी म्हटलं, डबा राहू दे.

डबा कोणाला द्यायचा नव्हता. कुदळवाडीच्या भंगारात हे डबे कसे फोडतात मी बघितलंय. पायाखाली घेऊन, शिव्या देत, आत तांबं आहे का बघत. हौसाला अग्नी मी दिला होता, भाड्याच्या माणसाने नाही. नवमीला हत्याराला हात लावायचा नसतो. यंदा पूजा नसली तरी ते हाडात बसलंय, म्हणून अष्टमीलाच सकाळी डबा अंगणात काढला, सीताफळाखाली ठेवला आणि घण घेतला.

खांदा आता चालत नाही. पहिला घाव बाजूला गेला, मातीत. दुसरा बसला. पत्रा आत गेला. मग मी थांबलो नाही. त्या सिमेंटच्या गाडीला मारलं, टेकू काढणाऱ्याला मारलं, रिकाम्या ओट्याला मारलं, इतक्या लवकर मरणाऱ्या बाईला मारलं. पंखा निखळून गडगडत गेला. हिरव्या पाटीचे तुकडे झाले, खाल्लेला भाग पिठासारखा उडाला. ओळखू येईल असं काही राहिलं नाही तेव्हा घण टाकला. अंगठ्याची जखम फुटून मूठ ओली झाली होती. तुकडे गोणीत भरले, गोणीचं तोंड शिवलं.

शेजारची सुनंदा कुंपणापाशी उभी होती, कधीपासून कोण जाणे. म्हणाली, "जावई, काय चाललंय? डॉक्टरला बोलवू का?"

अंगणातला नळ सोडला आणि कपड्यांसकट त्याच्याखाली बसलो. डोक्यावरून पाणी घेतलं, परत घेतलं. स्मशानातून आल्यावर घरात शिरायच्या आधी घ्यावं लागतं तसं.

तिने ते बघितलं. डोक्यावरचा पदर सारखा केला, आत गेली, आणि कोरडं धोतर आणून कुंपणावर ठेवलं.